बाईचं वजन कुणी केलं होतं का?

टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाली, असं सांगणाऱ्या बायका आपल्याला वस्तीतल्या बैठकांत भेटतात. घरचे म्हणतात, 'गोळ्या उष्ण पडल्या, बंद कर.' डॉक्टर म्हणतात, 'होतं असं कधीकधी.' मला दोन्ही उत्तरं पुरेशी वाटत नाहीत. गोळ्या सुरू करताना तिचं वजन केलं होतं का, हे कुणी विचारतच नाही.

टीबीच्या चार मुख्य औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. पायराझिनामाइडचा त्रास तर मात्रेबरोबर वाढतो. १९५० च्या दशकात ते किलोमागे ४०-५० मिलिग्रॅम, तेही दीर्घकाळ दिलं जाई. तेव्हा इतक्या रोग्यांची यकृतं बिघडली की औषध मागे पडलं. पुढे मात्रा रोज २५ च्या आसपास आणली, मुदत दोन महिन्यांची केली, आणि तेच औषध पुन्हा वापरात आलं.

आता आपल्याकडचा हिशोब मांडू. २०१७ पूर्वी सरकारी डॉट्सच्या खोक्यात आठवड्यातून तीनदा घ्यायच्या प्रत्येक डोसात पायराझिनामाइड १५०० मिलिग्रॅम असे. तीस किलोवरच्या सगळ्या प्रौढांना सारखंच. म्हणजे ५८ किलोच्या पुरुषाला किलोमागे सुमारे २६, आणि ३२ किलोच्या बाईला ४७! रोज नव्हे, एक दिवसाआड, हे मान्य. पण खोकं ठरवताना कुणाचं शरीर डोळ्यांसमोर होतं? सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईचं नक्कीच नव्हतं.

२०१७ पासून रोजच्या, वजनाप्रमाणे गोळ्या आल्या. आता २५ ते ३४ किलोला चौघं औषधं एकत्र असलेल्या दोन गोळ्या, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. चांगला बदल आहे. पण तो वजनकाट्यावर उभा आहे. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात काटा बंद होता, तर 'चाळीस असेल' म्हणून आकडा लिहिला गेला. बाई होती तेहतीस किलोची. एका गोळीचा फरक, तोही रोज.

मात्रा बरोबर असली की धोका संपला, असं मात्र नाही. आयसोनियाझिड काहींच्या शरीरात जन्मतःच सावकाश पचतं. दारू, जुनी बी-कावीळ, कुपोषण यांनी धोका वाढतो, बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही. म्हणून स्वतःच्या मनाने अर्धी गोळी घेणं हा उपाय नव्हे. त्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात.

भूक एकदम मेली, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी गडद, डोळे पिवळे : यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि यकृताची रक्ततपासणी मागायची. यकृत बिघडलेलं निघालं तर गोळ्या थांबवतात आणि ते सावरल्यावर औषधं एकेक करून पुन्हा सुरू करता येतात. 'आता तुला टीबीचं औषधच चालणार नाही' असं कुणी सांगितलं तर ते ऐकून घरी परतू नका.

आणि वजन एकदाच करून भागत नाही. उपचाराने बाईच्या अंगाला लागतं, वजन वाढून पुढच्या गटात जातं, तेव्हा गोळ्याही बदलाव्या लागू शकतात. दर महिन्याचा आकडा कार्डावर लिहून घ्या, अंदाजाने नको, काट्यावर उभं राहून.