घरची शाळा : लांब शब्दाला घाबरायचे नाही

मूल इंग्रजीचे पुस्तक मोठ्याने वाचत असेल तर स्वयंपाक करता करता कान द्या. 'बुक', 'वॉटर', 'स्कूल' सरळ जातात. दहा-बारा अक्षरांचा शब्द आला की आवाज खाली जातो, पहिली दोन-तीन अक्षरे वाचली जातात आणि उरलेला शब्द अंदाजाने उरकला जातो. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होते. म्हणजे दहावीपर्यंत मुलाने दहा वर्षे हा विषय केलेला असतो. तरी ही भीती जात नाही.

ही भीती महागात पडते. उर्दू माध्यमातून दहावी झालेला एक मुलगा आयटीआयचा अर्ज भरायला आमच्याकडे आला होता. वडील अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे. मुलाला फ्रिज आणि एसी दुरुस्तीचे काम शिकायचे होते. यादीत तो ट्रेड होता, पण नावात 'रेफ्रिजरेशन' हा तेरा अक्षरांचा शब्द. त्याने तो ओलांडला आणि 'फिटर'वर बोट ठेवले. का, तर तो वाचता आला! फिटरचे काम वाईट नाही. पण एक शब्द वाचता येत नाही म्हणून माणसाने आपली रोजी बदलावी, हे आम्हाला पटेना. अर्ज बाजूला ठेवून आधी तो शब्द सोडवला, मग अर्ज भरला.

तो कसा सोडवला, तेच या महिन्यात सांगतो. हा खेळ आहे. कागद-पेन्सिल पुरते, आणि अम्मीला इंग्रजी येत नसले तरी ती खेळ घेऊ शकते.

सात अक्षरे कागदावर लिहा : ए, ई, जी, आय, एन, आर, टी. यातून आधी छोटे शब्द काढू द्या. टी, गेट, ट्रेन, रेन, ग्रेट, टायगर, अँगर हे सगळे यातच आहेत. सातही अक्षरे वापरून 'ग्रॅनाइट' होतो, आपल्या ओट्याचा दगड.

आता उलटा खेळ. ही सातही अक्षरे ज्याच्या पोटात आहेत, असा मोठा शब्द शोधायचा. इतर अक्षरे कितीही असोत, क्रम कसाही असो. यासाठी एक युक्ती आहे : शब्दाकडे शेपटीकडून पाहा. इंग्रजीतले पुष्कळ लांब शब्द 'इंग' किंवा 'शन' या शेपटीने संपतात. 'शन' म्हणजे टी, आय, ओ, एन. ही शेपटी धरली की आपल्या सातांपैकी तीन अक्षरे तिथेच मिळाली. उरली ए, ई, जी, आर. ती चार पुढच्या भागात शोधायची.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून मुलाला एक फेरी मारून आणा. तिथल्या पाट्या हेच आपले पुस्तक. 'कॅटरिंग' आठ अक्षरांचा, त्यात सातही सापडतील. 'ऑपरेटिंग' नऊ. 'जनरेशन' दहा. 'इंटिग्रेशन' अकरा. 'रजिस्ट्रेशन' बारा. आणि तो 'रेफ्रिजरेशन' तेरा! पायरी पायरीने मूल तिथे पोचते, आणि पोचल्यावर तो शब्द राक्षस वाटत नाही.

फसवे शब्दही ठेवा, त्याशिवाय मजा नाही. ठिबक सिंचनाच्या दुकानावर 'इरिगेशन' असते. मूल घाईने 'सापडला!' म्हणेल. मग म्हणा, ई दाखव. ई नाहीच. 'जनरेटर'मध्ये आय नाही. 'इंटरनॅशनल'मध्ये जी नाही. असे नाकारताना मूल प्रत्येक अक्षरावर बोट ठेवते, आणि आपल्याला हवे आहे ते हेच. मोबाइलवर सात अक्षरे टाकली की सगळे शब्द क्षणात येतात, हे खरे. पण मग बोट कुठेच ठेवावे लागत नाही. खेळ होईपर्यंत मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या.

हीच सात अक्षरे का? इंग्रजीत सारखी येणारी जवळजवळ सगळी अक्षरे यात आहेत म्हणून. अमेरिकेचे आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात 'स्क्रॅबल' हा खेळ बनवला, तेव्हा कोणते अक्षर किती वेळा येते हे वर्तमानपत्रातून मोजले होते. त्या खेळाच्या १०० सोंगट्यांत ई बारा आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, तर क्यू आणि झेड एकेकच. हातातल्या सातही सोंगट्या एका डावात लावल्या तर ५० गुण जास्त मिळतात.

उर्दू वाचणाऱ्या मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. हा खेळ तुमच्या घरचाच आहे. काफ, ते, बे ही तीन अक्षरे घ्या : किताब, कातिब, मकतब, मक्तूब, कुतुबखाना. लिहिण्याशी नाते असलेले सगळे कुटुंब! बडी हे, साद, लाम घ्या : हासिल, महसूल, तहसील. तहसील कचेरीत रोज जाणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडीही हीच तीन अक्षरे आहेत.

आठव्या शतकात बसरा शहरात खलील बिन अहमद नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. 'किताबुल ऐन' हा अरबीचा पहिला शब्दकोश त्यांच्या नावावर आहे. त्यांची पद्धत अशी : मूळ अक्षरे घ्यायची, ती सगळ्या क्रमांनी फिरवायची, आणि कोणता शब्द लोक वापरतात व कोणता नाही ते नोंदवायचे. तीन अक्षरांचे ६ क्रम होतात, चारांचे २४, पाचांचे १२०. मुलाला तिनाचे सहा क्रम स्वतः मांडायला सांगा. गणितही होईल. ऐन, लाम, मीम दिलीत तर एका क्रमाने 'इल्म' येईल, आणि शेवटची दोन उलटली की 'अमल'. हे त्याने स्वतः शोधले तर आपल्याला वेगळी नसीहत करावी लागणार नाही.

आठवड्यातून एक दिवस, जेवण झाल्यावर, पंधरा मिनिटे एवढेच ठेवा. धाकट्याला छोटे शब्द, थोरल्याला लांब. चुकल्यावर हसू नका, आणि शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. सापडलेला प्रत्येक लांब शब्द वहीत लिहून अर्थ विचारा. अर्थाशिवाय तो नुसता अक्षरांचा ढीग आहे.

पुढच्या अंकापर्यंत दोन कोडी. पहिले : 'एज्युकेशन' या नऊ अक्षरांत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदाच येतात. असाच आठ अक्षरांचा एक शब्द गणिताच्या पुस्तकात लपलेला आहे. 'पॉप्युलेशन' चालणार नाही, का ते मुलांनाच विचारा. दुसरे : ऐन, रे, फे या अक्षरांचे पाच उर्दू शब्द शोधा. त्यातले दोन तर मराठीतही आपण नेहमी वापरतो. उत्तरे पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह.