पोरं गावी ठेवा म्हणणाऱ्यांना

दिवाळी सरली की आपल्या जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, भोकरदन, घनसावंगीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली आणि खर्चून झालेली असते. गावात काम नाही, म्हणून ट्रॉलीत संसार भरायचा आणि सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या बेळगाव-विजापूरकडच्या कारखान्याची वाट धरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं हिशेबात नसतात, पण जातात बरोबरच. हा विषय निघाला की शिकल्यासवरल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: यांना शिक्षणाची किंमतच नाही, नाहीतर पोरं गावी ठेवून गेले नसते का?

हे म्हणणं खोटं आहे आणि अन्यायाचंही आहे.

ठेवायची कोणापाशी? घरात धडधाकट आजी असेल तर ठेवतातच. त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे: गावच्याच शाळेत शिकायचं, शाळा व्यवस्थापन समितीने जेवायला घालायचं. योजना चांगली आहे. पण टोळी निघते त्या दिवशी ते जेवण सुरू झालेलं लागतं. मंजुरी महिनाभराने आली तर काय उपयोग? मुकादमाची गाडी कागदासाठी थांबत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरवली, पहिल्या टप्प्यात आपले अंबड आणि घनसावंगीही घेतले. मोठ्या मुलांसाठी ती हवीतच. पण सहा वर्षांचं लेकरू सहा महिने आईवेगळं ठेवा, असं आपण स्वतःच्या घरात म्हणू का? आणि वयात येणारी मुलगी मागे ठेवायची भीती वाटली की आईबाप तिला बरोबर नेतात किंवा तिचं लग्न लावून टाकतात. लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो. बालविवाहावर भाषणं करणाऱ्यांनी आधी हा हिशेब समजून घ्यावा.

बरोबर नेलेल्या पोरीचा दिवस पाहा. आईबाप पहाटे अंधारातच फडात जातात. कोपीत नऊ-दहा वर्षांची ती आणि तिच्या कडेवर धाकटं भावंड. ती पाणी भरते, चूल पेटवते, फडावर भाकरी पोचवते आणि तिथेच वाढ्यांच्या पेंढ्या बांधू लागते. गावच्या शाळेच्या पटावर तिचं नाव आहे. कारखान्याशेजारच्या शाळेच्या पटावर नाही. एप्रिलात परतते तेव्हा वर्गातली मुलं वार्षिक परीक्षेच्या तयारीत असतात. असे दोन-तीन हंगाम गेले की शाळा सुटली म्हणून समजा.

दुसरा युक्तिवाद साहेबलोकांचा: शिक्षण हक्काचा कायदा आहेच, पालकांनी फायदा घ्यावा. कायदा खरंच आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने लगेच दाखला द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आपल्या राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. पण रात्री गाडी भरून कोपीवर परतणारा बाप मुख्याध्यापकाला भेटणार कधी? भेटला तरी ‘एप्रिलात जाणारं पोर पटावर कशाला घेऊ’ हे ऐकून माघारी येणार. नववं कलम वाचा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचं काम कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकलंय, बापावर नाही.

पुण्याचा अभियंता दुबईला निघाला की बायकोपोरांचा व्हिसा होतो, तिथे सीबीएसईची शाळा मिळते आणि पोरांची पुस्तकंही बदलत नाहीत. पोरं आजीपाशी ठेव, असं त्याला कोणी सुनावत नाही. अमेरिकेने हंगामी शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ मध्येच स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. मूल दुसऱ्या राज्यात गेलं तर शिक्षणाच्या नोंदी मागोमाग पाठवण्याची व्यवस्था तिथे आहे. मंठ्याचं पोर तर आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेच्या शाळेशेजारी राहूनही बाहेर राहतं. कर्नाटकात गेलेल्याला मराठी शाळा जवळ नसेल तर त्याचे हाल आणखी वेगळे.

म्हणून माझं म्हणणं असं की जबाबदारी जिथे टोळी उतरते तिथली. प्रत्येक कोयत्याचं नाव मुकादमाच्या यादीत आणि तिथून कारखान्यात असतंच. त्या यादीत पोरांचा एक रकाना वाढवा. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देतानाच अट घालावी: टोळी उतरल्यापासून आठवड्याच्या आत सहा ते चौदा वयाची सगळी मुलं जवळच्या शाळेच्या पटावर आली पाहिजेत आणि त्याहून धाकटी अंगणवाडीत. धाकटं अंगणवाडीत गेलं नाही तर थोरली शाळेत जाणार नाही. वेगळ्या तंबूतली साखरशाळा नको, गावच्या मुलांबरोबरचा वर्ग हवा.

आणि जालना फक्त माणसं पाठवणारा जिल्हा नाही. अंकुशनगरच्या समर्थ कारखान्यावर टोळ्या उतरतात, जालन्याच्या पोलाद कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर राबतात. त्यांच्या लेकरांना पटावर घ्यायला मुंबईच्या आदेशाची गरज नाही. जिल्हा परिषदेने येत्या हंगामात सुरुवात इथून करावी आणि आपल्या टोळ्या ज्या जिल्ह्यांत जातात तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे मुलांच्या नावांच्या याद्या दिवाळीआधी पाठवाव्यात.