आधी हिशेब, मग वसुली

लोणंदच्या बाजारात कांदा विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात पैशांबरोबर एक कागद असतो, हिशेबाची पट्टी. वजन किती भरले, भाव काय मिळाला, हमाली किती, तोलाई किती, सगळे त्यावर लिहिलेले असते. कपातीत चार रुपये जास्त दिसले, तर हाच शेतकरी अडत्याच्या गादीसमोर ठाण मांडून बसतो. त्यात कोणालाच गैर वाटत नाही. पण त्याच माणसाला वसुलीवाल्याचा फोन येतो, ‘तुमच्याकडे ऐंशी हजार निघतात, संध्याकाळपर्यंत भरा,’ तेव्हा हा आकडा आला कुठून, हे विचारायची त्याची छाती होत नाही. धीर करून विचारलेच, तर उत्तर मिळते, ‘ते ऑफिसात विचारा, पैसे कधी देता ते बोला.’ ऑफिसात दिलेला अर्ज पडून राहतो. फोन मात्र थांबत नाहीत.

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, याबद्दल आपल्या घरांत दुमत नाही. पण या चांगल्या संस्काराला भीतीची जोड मिळते. चार माणसांत शोभा नको, सोयरिकीत विषय निघायला नको, म्हणून बायकोचे डोरले मोडून पैसे भरले जातात. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे कोणी पाहतच नाही. हिशेब मागणे म्हणजे देणे बुडवणे, असा समज आपणच करून घेतला आहे.

हा समज किती महागात पडतो, हे याच मुलखाने एकदा पाहिले आहे. लोणंदहून नीरा ओलांडून बारामती तालुक्यात गेले, की पुढे सुपे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते मुख्यतः कागद, म्हणजे कर्जरोखे आणि हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तिथे बहुधा मारहाण झाली नाही. या रागामागे हिशेबाचेच दुखणे होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा करायला तीन वर्षांची मुदत ठेवली. हेतू कुळाच्या संरक्षणाचा होता; पण सावकार मुदत संपत आली की थकलेले व्याज मुद्दलात धरून नवा रोखा लिहून घेऊ लागले. अंगठा उठवणाऱ्याला मूळ रक्कम कधी कळतच नसे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना तो लागू झाला. रोख्यावरचा आकडा डोळे मिटून मान्य न करता न्यायालयाने व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जाऊन हिशेब तपासावा, असे त्यात होते. पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्कही शेतकऱ्याला मिळाला. तो कायदा आता इतिहासजमा झाला. पण ज्याला पैसे हवेत त्याने आधी हिशेब दाखवावा, हे त्यातले तत्त्व जुने झालेले नाही. अमेरिकेने १९७७ मध्ये वसुली एजन्सींसाठी असाच नियम केला. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर कर्जाचा पुरावा देईपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते.

आपल्याकडे संरक्षण मुळीच नाही, असे नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो, हिशेब ठेवावा लागतो आणि चक्रवाढ व्याज लावता येत नाही. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले.

म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा कागद करावा. मूळ कर्ज, भरलेले हप्ते, व्याज, दंड आणि एजंटाचे अधिकारपत्र यांची मागणी थेट बँकेला किंवा कंपनीला लिहून स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोहोच जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. धमकी आली, तर पोलीस ठाणे आहेच. मात्र न्यायालयाची नोटीस आली, तर ती कधीही बाजूला टाकू नये. ‘तूर्त पाचशे तरी भरा’ या गोडव्यालाही भुलू नये. मुदतीच्या आत भरलेल्या छोट्या रकमेनेही दाव्याची मुदत नव्याने सुरू होऊ शकते. जुन्या रोख्याचे नूतनीकरण आठवावे.

काही जण केवळ चालढकल करण्यासाठी हिशेब मागतील, असे वसुलीवाले म्हणतात. मागतीलही. पण खाते संगणकावर असताना उतारा काढायला किती वेळ लागतो? तो दिला की बुडव्याची सबबच संपते आणि प्रामाणिक माणसाचा संशय फिटतो. हिशेबाला उत्तर न देण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्याच आकड्यात खोट असण्याची शक्यता जास्त.

तेव्हा मागणी साधी आहे. कर्जदाराने लेखी हिशेब मागितला, की तो हाती पडेपर्यंत वसुलीचे फोन आणि भेटी बंद, असा स्पष्ट नियम हवा आणि तो मोडणाऱ्याला दंडही हवा. घेतले ते फेडायचेच आहे. पण किती घेतले आणि किती फेडले, हे विचारताना कोणत्याही घराला मान खाली घालावी लागू नये.