शुगर बॉर्डरवर, लाइफ ट्रॅकवर!

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मेलवर येतो. बीपी ओके, कोलेस्टेरॉल ओके, एचबीए१सी मात्र ६.१. शेजारी वर तोंड केलेला छोटासा बाण. आपण मेल बंद करतो आणि लंचला जातो. बरोबर ना?

तर मंडळी, आजचा कॉलम या बाणवाल्यांसाठी. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी हिशेब. ५.७ ते ६.४ असेल तर प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. घरच्या भाषेत पहिल्याला 'बॉर्डरलाइन' म्हणतात. या बॉर्डरवर गर्दीही बरीच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा अंदाज आहे की, देशात डायबेटिसवाले १० कोटींच्या वर आणि प्रीडायबेटिसवाले १३ कोटींच्या वर.

'पण मी तर बारीक आहे!' थांबा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपली चरबी अशी लपून बसते, म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका.

प्रीडायबेटिसमध्ये सहसा काहीच दुखत नाही. त्यामुळे काही जण 'बघू नंतर' म्हणून सोडून देतात. मग पुढे साखर वाढून रात्री सारखं उठावं लागतं, पायांना मुंग्या येतात, डोळे-किडनीच्या तपासण्या मागे लागतात. रोजच्या गोळ्या आणि पथ्यपाण्याचा मनावर जो ताण येतो, त्याला तर डॉक्टरांनी नावच दिलंय, 'डायबेटिस डिस्ट्रेस'.

दुसरी जमात उलटी. माझी एक मैत्रीण आहे, वय २९. रिपोर्ट आल्यावर तिने ऑफिसमधल्या बर्थडेंना जाणं सोडलं, मित्रमंडळींबरोबरचं जेवण सोडलं, बोटाला सुई टोचून सारखी शुगर बघायला लागली. कारण कोणाला सांगायची सोय नव्हती. घरी स्थळं बघणं चालू होतं आणि आईची सक्त ताकीद होती, 'शुगरचं बाहेर बोलू नकोस.' म्हणजे आजार झालाच नव्हता, पण लाइफमधली मजा आधीच गेली होती.

खरं तर इथून मागे फिरता येतं. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२००२) वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच टार्गेट होतं. तेवढ्यानं डायबेटिस होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या अभ्यासात खाणं आणि चालणं सुधारून तो सुमारे २८ टक्क्यांनी घटला. आकडा लहान, पण आपल्याच लोकांवरचा.

आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. एक स्टॉप आधी उतरा. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दिवसाला दहा चमचे, तिथे हात आखडा. ताटात भात थोडा, उसळ-भाजी जास्त. बर्थडेला जरूर जा, केकचा छोटा तुकडा घ्या. आणि वर्षातून एकदा टेस्ट रिपीट करा. औषध लागतं की नाही, हे डॉक्टरांना ठरवू दे, गूगलला नको.

माझ्या मैत्रिणीने शेवटी टीममधल्या दोघींना सांगून टाकलं. आता तिघी जेवणानंतर ऑफिसभोवती चक्कर मारतात. तिचा आकडा अजून बॉर्डरवरच आहे, ५.९. पण ती पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला येते. स्थळाला काय सांगायचं, यावर आईशी वाद चालूच आहे. तिचं म्हणणं एकच, पहिल्याच भेटीत खरं सांगायचं. आयुष्यभर चोरून पथ्य कोण पाळणार?