रिकेल्मे आळशी नव्हता!

"खऱ्या टॅलेंटला कुठेही टाका, ते चमकणारच!" फुटबॉलच्या गप्पांमध्ये हे वाक्य कुणी ना कुणी फेकतोच. मग एखादा प्लेमेकर नव्या क्लबमध्ये ढेपाळला की निकाल तयार असतो : आळशी आहे, पळत नाही, नुसता शोभेचा प्लेअर.

माफ करा मंडळी, पण हे मला साफ नामंजूर आहे. प्लेमेकरचं काम म्हणजे दुसऱ्याला बॉल देणं. समोरचा धावतच नसेल तर हा देणार कुणाला?

हुआन रोमान रिकेल्मेचंच बघा. बोका ज्युनियर्सकडून २००० आणि २००१ अशी सलग दोन वर्षं कोपा लिबर्टाडोरेस जिंकली. २००० साली टोकियोत रियल माद्रिदला हरवून इंटरकॉन्टिनेन्टल कपही जिंकला. २००२ मध्ये गडी बार्सिलोनात आला आणि कोच लुई व्हॅन गालने त्याला उभं केलं कुठे, तर डाव्या विंगवर!

आता हा माणूस मुळात संथ. त्याची खरी ताकद म्हणजे बॉल पायाखाली दाबून धरायचा, अंगावर आलेल्याला पाठीने थोपवायचं आणि पुढचे लोक मोकळे होईपर्यंत थांबायचं. मैदानाच्या मध्यभागी हे चालतं, कारण पास द्यायला दोन्ही बाजू उघड्या असतात. विंगवर एका बाजूला टचलाइन, म्हणजे अर्धे पर्याय आधीच बाद. शिवाय तिथे लागतो वेग, जो याच्याकडे कधीच नव्हता. मग व्हायचं तेच झालं. जानेवारी २००३ मध्ये व्हॅन गाल गेला, बार्सिलोना लीगमध्ये सहावी आली आणि रिकेल्मेवर 'फ्लॉप' असा शिक्का बसला.

त्याच उन्हाळ्यात तो लोनवर व्हियारेआलला गेला. गावाची वस्ती जेमतेम पन्नास हजार. २००४ मध्ये तिथे कोच म्हणून पेलेग्रिनी आला आणि त्याने टीमच याच्याभोवती बांधली. मागे बॉल हिसकावून आणायला मार्कोस सेना, डावीकडून वर चढायला सोरिन, पुढे धावायला फोर्लान. रिकेल्मेकडे बॉल गेला की पळायला लागायचं, हे सगळ्यांना पाठ! २००४-०५ मध्ये व्हियारेआल लीगमध्ये तिसरी आली, फोर्लानने सर्वाधिक म्हणजे २५ गोल केले. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड ज्या गटात तळाला गेली, त्याच गटात हे पहिले! मग इंटरला घरी पाठवून थेट सेमीफायनल.

पाय तेच, वेगही तेवढाच. बदलली ती टीमची खेळायची पद्धत.

"पण आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पेनल्टी घालवली ना त्याने?" घालवली. लेमनने अडवली आणि व्हियारेआलची फायनल हुकली. पण पेनल्टी ही एकट्याने मारायची किक असते, टीमच्या पद्धतीचा तिथे काय संबंध? त्यापेक्षा दोनच महिन्यांनी बर्लिनमध्ये काय झालं ते आठवा. वर्ल्ड कपची क्वार्टरफायनल, समोर यजमान जर्मनी. रिकेल्मेच्या कॉर्नरवर आयालाचा हेडर, अर्जेंटिना १-० पुढे. ७२व्या मिनिटाला पेकरमनने त्याला बाहेर काढून कांबियासोला आणलं, म्हणजे आता फक्त आघाडी राखायची. ८०व्या मिनिटाला क्लोझेने बरोबरी केली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना बाहेर. तो असता तर जिंकलेच असते असं मी म्हणत नाही. पण बॉल धरून ठेवणारा माणूसच काढल्यावर बॉल धरणार कोण?

या पद्धतीची किंमत असते, हे मान्य. सगळं एकाच माणसातून जात असेल तर प्रतिस्पर्धी त्यालाच कोंडतो आणि त्याच्या वाटचं पळणं दुसऱ्याला पळावं लागतं. पेलेग्रिनीचंही पुढे त्याच्याशी बिनसलं. कोचला ही किंमत परवडत नसेल तर त्याने असा प्लेअर घेऊ नये. पण घ्यायचा, विंगवर उभा करायचा आणि वर आळशी म्हणायचं, हा कुठला न्याय?

आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. डेटाबेसमध्ये मुरलेल्याला मॅन्युअल टेस्टिंगला बसवायचं आणि अप्रेझलमध्ये 'इनिशिएटिव्ह कमी' असा शेरा मारायचा, हा प्रकार आपल्याकडे रोजचाच.

२००७ मध्ये रिकेल्मे लोनवर बोकात परतला. लिबर्टाडोरेसच्या फायनलच्या दोन मॅचमध्ये बोकाने ग्रेमिओला एकूण ५-० असं धुतलं, त्यातले तीन गोल याचे. 'संपलेल्या' माणसाचे!

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या प्लेमेकरला शिव्या घालण्याआधी एवढंच करा. बॉल त्याच्याकडे आला की नजर त्याच्यावरून काढा आणि बाकीचे किती जण धावतायत ते मोजा.