वजनकाटा, पंचांग आणि अकाली बाळे

'अकाली' हा शब्द काळाचा. तरीही विसाव्या शतकात बराच काळ त्याचा निवाडा वजनकाट्यावर होत असे. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ मध्ये २५०० ग्रॅमची सीमा घातली आणि १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच उचलली.

युरोपातील बाळांवर बेतलेली ही सीमा भारतात आली, तेव्हा दिवस पूर्ण भरलेली पण लहान चणीची असंख्य बाळे कागदोपत्री अकाली ठरली. १९६१ मध्ये संघटनेने 'अल्पवजनी' हा वेगळा शब्द दिला. शब्द बदलला, सवय रेंगाळली.

तिची किंमत २०१५ मध्ये दिसली. सहा देशांतील एका मोठ्या चाचणीत (नागपूर आणि बेळगाव परिसरही त्यात होता) मुदतपूर्व प्रसूतीचा धोका दिसताच मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्यावर भर होता. गर्भाच्या वयाची खात्री नसल्याने मुदतपूर्व बाळ ओळखायला जन्मवजनच प्रमाण मानले गेले. इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य मातांची बाळे पुढे लहान निघालीच नाहीत. आणि एकूण नवजात मृत्यू दर हजारी तीन-चारने वाढले. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत सोनोग्राफीने आठवडे निश्चित करून तेच औषध दिले, तेव्हा मृत्यू घटले. रुग्णालयांतील सोयींचाही त्यात वाटा आहे हे मान्य. पण दिवसांची खात्री ही अटच होती.

उशिरा, म्हणजे ४२ आठवड्यांनंतर होणाऱ्या जन्मांची कथा निराळी. या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियात त्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर डेन्मार्क-स्वीडनमध्ये सात टक्क्यांवर होते. हा रक्ताचा किंवा हवामानाचा भेद नव्हे. कळा कधी सुरू करून द्यायच्या, याविषयीच्या रिवाजाचा तो बराचसा परिणाम. स्वीडनमधील चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण थांबून वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही.

२०२० मध्ये मुदतपूर्व जन्मांचे प्रमाण देशागणिक ४ ते १६ टक्के होते. भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. या आकड्यांवरून प्रदेशांची क्रमवारी लावण्याचा उत्साह मोठा असतो. मात्र एका जिल्ह्यात पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी आणि दुसऱ्यात सणावारावरून आठवलेली पाळीची तारीख, अशी मोजणी असेल तर ती तुलना निरर्थक आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या तक्त्यात टक्केवारीशेजारी आणखी एक रकाना हवा: दिवस कशावरून मोजले?