अमृत आणि विष इतके सोपे नाही



गेल्या अंकातील लेखाने सिरॅमाइडला रक्तवाहिन्यांचे विष आणि स्फिंगोसिन-१-फॉस्फेटला अमृत ठरवून टाकले. सिरॅमाइड वाढले की अस्तरातल्या पेशी मरणाकडे झुकतात, एवढे मान्य. पण ही दोन वेगळी घराणी नव्हेत. सिरॅमाइडपासून स्फिंगोसिन बनते, त्याला फॉस्फेट जोडला की झाले ‘अमृत’; आणि हीच साखळी उलटही फिरते.

स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा मेदरेणू ‘पेशी वाढवतो’ हे विधानही अर्धेच. परिणाम ठरतो पेशीवर त्याचा कोणता ग्राही (रिसेप्टर) आहे यावर. पहिला ग्राही अस्तरपेशींना जगवतो, एकमेकींशी घट्ट जोडून ठेवतो. दुसरा पेशींचे स्थलांतर रोखतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिला ग्राही नसलेल्या उंदरांच्या गर्भांत रक्तवाहिन्या तयार झाल्या, तरी ते रक्तस्रावाने दगावले. वाहिन्यांभोवती स्नायुपेशींचे आवरण नीट चढलेच नव्हते. मग नुसत्या वाढीचे कौतुक कशाला?

सर्वांत खटकली ती या मेदरेणूची पातळी वाढवणाऱ्या गोळीची शिफारस. त्याने नव्या रक्तवाहिन्यांनाही चालना मिळू शकते, आणि त्या कर्करोगाच्या गाठीलाही हव्याच असतात! वरच्या पहिल्या ग्राहीवरही काम करणारे फिंगोलिमोड हे औषध २०१० साली अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मंजूर झाले. पहिल्या मात्रेनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून रुग्णाला सहा तास देखरेखीखाली ठेवतात. लेखात याचा उल्लेखही नाही.

पुढील अंकात निदान गोळीबाबत खुलासा छापावा.

आपला,
एक वाचक, मिरज